खुलासा: पाच वर्षं झाली म्हणजे ‘सीनियर’ नव्हे

‘पाच वर्षं झाली की सीनियर इंजिनिअर, पॅकेज २० लाखांच्या आत असेल तर कंपनी लुबाडतेय’ हा सॉफ्टवेअर इंजिनिअरांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज चुकीचा आहे. सीनियर आहात का हे ठरवायला, अर्धवट सांगितलेलं काम पदोपदी न विचारता तडीस नेता का, रात्री सर्व्हर कोसळला तर निर्णय तुमच्यावर सोपवतात का, हे बघा. एका कंपनीतला सीनियर दुसरीकडे मधल्या पायरीवर बसतो.

पॅकेजचा आकडाही फसवा. त्यात कंपनीचा पीएफ वाटा, ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराचे ४.८१ टक्के आणि बरेचदा व्हेरिएबलही, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त मिळणारी रक्कमही धरलेली असते. तुलना निश्चित पगाराची करा, तीही त्याच शहरातल्या, तेवढीच जबाबदारी असलेल्या माणसाशी. कळकळीनं सांगतो, राजीनामा टाकण्याआधी ऑफर लेटरमधली पगाराची फोड ओळीनओळ वाचा.