तोंडाला ती ट्यूब लावू नका

पाऊस जरा मुरला की आमच्या सिंधुदुर्गात कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास वाढते. "भाऊ, ती खाजेची ट्यूब दी." कुठे लावणार म्हणून विचारलं की हात गालाकडे जातो. मी ती ट्यूब चिठ्ठीशिवाय देत नाही. गिऱ्हाईक रागावतं, दुसऱ्या दुकानात जातं आणि तिथे त्याला ती मिळते. दर पावसाळ्यात हेच चालतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि तिसरं स्टेरॉइड. पहिल्या दिवशी जो आराम पडतो तो या तिसऱ्यामुळे. गजकर्णाची, म्हणजेच नायट्याची, बुरशी कातडीच्या अगदी वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. शरीर तिच्याशी झगडतं म्हणून ती जागा लाल होते आणि खाजते. स्टेरॉइड तो झगडाच थांबवतं. दोन-तीन दिवसांत लाली उतरते, माणूस खूश होतो, ट्यूब फळीवर जाते. बुरशी मात्र आत आरामात पसरत असते. काही दिवसांनी चट्टा परत येतो आणि आधीपेक्षा मोठा असतो. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. असं दोन-चारदा झालं की गजकर्णाची ती ओळखीची, खवले धरलेली गोल कड पुसली जाते आणि मग डॉक्टरलाही ती अ‍ॅलर्जी वाटू शकते. वैद्यकशास्त्रात या फसव्या रूपाला 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणतात आणि त्याचं वर्णन १९६८ सालीच झालेलं आहे. म्हणजे ही काही नवी माहिती नाही.

चेहऱ्याचं वेगळं सांगतो, कारण लोक म्हणतात, "पायाक लावलंय तेव्हा काय झाला नाय." हाताच्या कातडीतून जेवढं स्टेरॉइड आत जातं, त्याच्या सुमारे ६ पट कपाळातून जातं आणि जबड्याच्या कडेला सुमारे १३ पट. हे मोजमाप १९६७ मधलं आहे. त्यामुळे महिनोन्‌महिने लावणाऱ्याच्या चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, मुरमं उठतात, बायकांच्या गालावर लव दाट होते, उन्हात गेलं की आग होते. डोळ्याजवळ लावत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. आपल्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावरच्या केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात, एरवी निरुपद्रवी. स्टेरॉइडने त्यांचंही फावतं आणि तोंडभर लाल पुटकुळ्या येतात. आणि त्या पुटकुळ्यांवर लोक काय लावतात? तीच ट्यूब.

आता एक गोष्ट, जी काउंटरवर बोलली जात नाही. गालावरचा नायटा पुष्कळदा गालावर सुरू झालेलाच नसतो. जांघेत असतो, कमरेला असतो, पायाच्या बोटांच्या बेचक्यात असतो. नखाने तिथे खाजवायचं आणि त्याच बोटाने तोंड पुसायचं. मी हळू आवाजात विचारतो, आणखी कुठे आहे का? मागे चार माणसं उभी असताना कोण हो म्हणेल? बाईमाणूस तर नाहीच. मग उपचार फक्त गालाला होतो आणि खालचं तसंच राहतं. या लाजेपायी घरंच्या घरं नायट्याने भरलेली मी पाहिली आहेत, सासूपासून नातवापर्यंत.

त्यात आपला पाऊस. आषाढ-श्रावणात कपडे वाळतच नाहीत. पडवीतल्या दोरीवर दोन दिवस लोंबून ते दमटच अंगावर चढतात. एक पंचा चार जणांना. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली भिजलेला. मासेमारी बंद असली तरी जाळी विणायला, शेतात लावणीला माणसं दिवसभर ओलीच. कपड्यांवर बुरशीचे कण टिकून राहतात, म्हणून टॉवेल आणि उशीचा अभ्रा ज्याचा त्याचा वेगळा हवा, गरम पाण्यात धुतलेला हवा, ऊन नसेल तर इस्त्री फिरवलेला हवा. दशावतारातले एक कलाकार आमच्याकडे येतात. चट्ट्यावर रंग बसत नाही म्हणून ट्यूब मागत होते. रात्रभर रंग, घाम आणि सगळ्यांत फिरणारा एकच रुमाल. त्यांना डॉक्टरकडे पाठवलं, तर आधी रुमाल वेगळा करा असंच तिथेही सांगितलं.

तोंडावरचा प्रत्येक डाग नायटा नसतो, हेही लक्षात घ्या. शिबं आली की आईबाप कोडाच्या भीतीने अर्धमेले होतात. ती मॅलासेझिया नावाच्या बुरशीने येतात, जी सगळ्यांच्याच कातडीवर असते. बुरशी गेल्यावरही पांढुरके डाग भरायला काही महिने लागतात. तान्ह्या बाळाच्या तोंडावर, डोक्यावर खरूज येऊ शकते, मोठ्यांच्या तोंडावर सहसा येत नाही. आणि फिकट डागाला स्पर्शच कळत नसेल तर सरळ सरकारी दवाखाना गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो, त्याचं औषध फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

टाकळ्याचा पाला वाटून लावणाऱ्या आजींशी माझं भांडण नाही. पण बिब्बा आणि काजूच्या टरफलाचं तेल तोंडाला लावू नका हो. कातडी भाजते आणि डाग कायमचा राहतो.

माझा राग ट्यूब मागणाऱ्यावर नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाते. लग्नाच्या मुलीच्या गालावर चट्टा असेल तर घरच्यांची झोप उडते, हेही मला कळतं. राग आहे तो आम्हा विकणाऱ्यांवर. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीला लावायची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे चिठ्ठी नाही तर विक्री नाही. तरी ती काउंटरवरून सर्रास जातात. दरम्यान बुरशीही बदलली. २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालेली जात आज भारतभर आहे, २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं नेहमीचं औषध तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही. अशा वेळी अंदाजाने ट्यूब देणं म्हणजे माणसाचे महिने वाया घालवणं. चट्ट्याचे खवले खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशी आहे की नाही ते थोड्या वेळात कळतं. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माझं मागणं इतकंच की तिथले त्वचेचे डॉक्टर निदान पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तालुक्याच्या रुग्णालयात बसावेत.

ज्यांनी महिनोन्‌महिने ट्यूब लावली आहे त्यांनी हे वाचून घाबरून आज एकदम बंदही करू नये. तोंड जास्त लाल होतं, आग होते आणि माणूस परत तिच्याकडेच वळतो. डॉक्टरकडे जा, बंद कशी करायची ते विचारून घ्या. जाताना सध्याची ट्यूब खोक्यासकट घेऊन जा, म्हणजे नेमकं कोणतं स्टेरॉइड होतं ते त्यांना वाचता येईल. आणि आणखी कुठे आहे का असं विचारलं, तर खरं सांगा.