इनबॉक्समध्ये येणारी दावत आणि नास्तिकाचं उत्तर

फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर "मी देव मानत नाही" असं उघडपणे लिहिणाऱ्या मुंबईकराला आज ना उद्या एक मेसेज येतोच. सुरुवात "सर, एक सवाल पूछ सकता हूँ?" अशी असते. समोरचा कोकणी मुसलमान असेल तर स्वच्छ मराठीत "दादा, राग मानू नका, एक विचारू का?" सूर अतिशय नम्र असतो. ही दावत, म्हणजे इस्लामकडे येण्याचं आमंत्रण. कुरआनातच (16:125, म्हणजे 16 वा अध्याय, 125 वं वचन) सांगितलंय की लोकांना शहाणपणाने, चांगल्या शब्दांत बोलवा आणि वाद घालायचा तर उत्तम रीतीने घाला. आपल्या घटनेच्या 25व्या कलमानेही धर्माचा प्रचार करण्याचा हक्क दिलेला आहे. त्यामुळे असा मेसेज आला म्हणून घाबरायचं, चिडायचं किंवा स्क्रीनशॉट काढून "बघा हे लोक" करत फिरवायचं काहीच कारण नाही.

माझं मत असं की उत्तर द्यावं. फक्त या बोलण्याचा रस्ता आधीच आखलेला असतो, तो ओळखून द्यावं. त्या रस्त्यावर एक ठिकाण असं येतं की पुरावा संपतो आणि पाऊल मात्र पुढेच पडतं. तिथे थांबून "इथून पुढे कसे आलात?" असं विचारणं, एवढंच नास्तिकाचं काम.

धर्माच्या जाहीर वादाची मुंबईला जुनी सवय आहे. 1857 च्या सुरुवातीच्या महिन्यांत हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे वाद गिरगावच्या समुद्रकिनारी झडले होते. आजच्या ऑनलाइन दावतीचं घराणं मात्र वेगळं आहे. सुरत जिल्ह्यात 1918 साली जन्मलेले आणि दक्षिण आफ्रिकेत वाढलेले अहमद दीदात बायबलमधली वचनं क्रमांकासकट म्हणून दाखवत ख्रिस्ती प्रचारकांना गाठायचे. 1986 मध्ये अमेरिकेत ख्रिस्ती प्रचारक जिमी स्वॅगर्ट यांच्याशी झालेल्या त्यांच्या वादाच्या व्हिडिओ कॅसेट जगभर फिरल्या. तीच पद्धत झाकीर नाईक यांनी डोंगरीत आणली. 1991 मध्ये त्यांनी इस्लामिक रिसर्च फाउंडेशन काढली, पुढे शीवच्या सोमैया मैदानावर मोठ्या परिषदा भरवल्या. ग्रंथ, अध्याय, श्लोक यांचे आकडे धडाधड सांगायचे आणि समोरच्याला तपासायला उसंतच द्यायची नाही, ही त्या शैलीची ताकद. नोव्हेंबर 2016 मध्ये केंद्र सरकारने संस्थेवर यूएपीए (बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायदा) खाली बंदी घातली. संस्था बंद झाली, शैली फोनमध्ये शिरली.

आता रस्ता कसा असतो ते बघू. नाव हिंदू दिसलं की पहिला डाव वेदांचा. यजुर्वेदातलं (32:3) "न तस्य प्रतिमा अस्ति", छांदोग्य उपनिषदातलं (6.2.1) "एकमेवाद्वितीयम्", मग कल्की अवतार म्हणजेच मुहम्मद पैगंबर. नास्तिकावर हे चालत नाही, कारण त्याला वेदही प्रमाण नाहीत. हे लक्षात आलं की गाडी दुसऱ्या रुळावर जाते: "अभिनंदन! अर्धा कलमा तुम्ही आधीच मानलाय." कलमा म्हणजे इस्लामच्या श्रद्धेचं मूळ वाक्य. त्यातलं 'ला इलाहा', म्हणजे कोणी देव नाही, इथवर तुम्ही आलात, आता फक्त 'इल्लल्लाह', म्हणजे अल्लाहखेरीज, उरलं. झाकीर नाईक यांच्या भाषणांतून हे वाक्य घरोघरी पोचलं. ऐकायला गोड आहे, पण नास्तिकाच्या वाक्याला पुढे 'अपवाद एक' जोडला की ते त्याचं राहतच नाही. तेवढं शांतपणे सांगावं आणि पुढे जावं.

त्यानंतरचे टप्पे ठरलेले आहेत. आधी देव आहे हे कबूल करून घ्यायचं, मग तो एकच आहे, मग त्याने ग्रंथ पाठवला, मग मुहम्मद त्याचे प्रेषित. ब्रिटनमधल्या आयईआरए या संस्थेच्या प्रशिक्षणात नेमका हाच क्रम शिकवतात आणि इंटरनेटवरचे बरेच जण, नाव ठाऊक असो वा नसो, त्याच क्रमाने जातात. पहिल्या टप्प्यावर कुरआनातली 52:35 ही आयत (वचन) येते: ते शून्यातून निर्माण झाले, की तेच निर्माते आहेत? किंवा इब्न सीना यांच्यापासून चालत आलेला 'वाजिबुल वुजूद'चा युक्तिवाद येतो. जगातली प्रत्येक गोष्ट कशावर तरी अवलंबून आहे, म्हणून कशावरच अवलंबून नसलेलं काहीतरी असलंच पाहिजे. डिसेंबर 2025 मध्ये दिल्लीत जावेद अख्तर आणि मुफ्ती शमाइल नदवी यांची चर्चा झाली, तिथेही मुफ्तींची मुख्य मांडणी हीच होती.

हा युक्तिवाद पोरकट नाही. त्याला "मग देवाला कोणी बनवलं?" एवढंच उत्तर देणारे नास्तिक पहिल्याच फेरीत आपटतात, कारण 'जे अवलंबून नाही त्याला बनवणारा लागत नाही' हे युक्तिवादातच गृहीत धरलेलं आहे. त्यापेक्षा म्हणावं: ठीक आहे, वादापुरतं मान्य करतो की असं काहीतरी आहे. पण त्याला जाणीव आहे हे कशावरून? ते विश्वाच्या मुळाशी असलेलं निर्जीव द्रव्य किंवा नियम नसेल कशावरून? ते ऐकतं, रागावतं, डुकराचं मांस वर्ज्य करतं, सातव्या शतकात अरबीत बोलतं, हे या युक्तिवादातून कुठल्या पायरीने निघालं? निघत नाही. पहिल्या दोन टप्प्यांसाठी तत्त्वज्ञान वापरलं जातं आणि तिसऱ्या टप्प्याला त्याचा काहीच उपयोग होत नाही. तिथे ग्रंथाचा वेगळा पुरावा लागतो. म्हणूनच बोलणं अचानक विज्ञानाकडे वळतं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण इथले दावे तपासता येतात.

गर्भाचं उदाहरण घ्या. 23:12 ते 14 मध्ये क्रम असा आहे: थेंब, मग चिकटलेला गोळा, मग चघळल्यासारखा मांसाचा तुकडा, मग हाडं, मग हाडांवर मांस चढवलं. सोबत टोरंटोचे शरीररचनाशास्त्रज्ञ कीथ मूर यांचं नाव येतं. दावा असा की सोनोग्राफी नसताना हे कळणं अशक्य. आता बघा. गर्भ टप्प्याटप्प्याने वाढतो हे ग्रीक वैद्य गॅलनने दुसऱ्या शतकात लिहून ठेवलं होतं आणि त्याचे ग्रंथ सहाव्या शतकात अरबीच्या नात्यातल्या सीरियाक भाषेत भाषांतरित झालेले होते. ते अरबस्तानात कोणी वाचले का हा प्रश्न बाजूला ठेवा. मुद्दा इतकाच की माणसाला हे सोनोग्राफीशिवाय सुचू शकत होतं, सुचलंही होतं. दुसरं, 'आधी हाडं, मग मांस' हा क्रम चुकीचा आहे. हातापायांचे अंकुर चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतात, पाचव्या आठवड्यात स्नायूंच्या पूर्वपेशी त्यांत शिरलेल्या असतात, कूर्चेचा सांगाडा त्याच सुमारास घडत असतो आणि खरं हाड बनायला सातव्या-आठव्या आठवड्यात सुरुवात होते. म्हणजे हाड व्हायच्या आधी स्नायू हजर.

तिसरी गोष्ट हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींची. बुखारी या संग्रहात 3208 क्रमांकाच्या हदीसमध्ये 40 दिवस, मग तितकेच, मग तितकेच, असा हिशेब आहे. शतकानुशतकं फकीहांनी (इस्लामी कायद्याच्या पंडितांनी) तो 120 दिवस असाच वाचला आणि त्यावरून आत्मा केव्हा येतो हेही ठरवलं. 40 व्या दिवशी गर्भाचं हृदय अडीच आठवडे धडधडत असतं, हातपाय फुटलेले असतात. त्यामुळे आता उत्तर मिळतं की तिन्ही टप्पे पहिल्या 40 दिवसांतलेच, आणि आधाराला 'मुस्लिम' या दुसऱ्या संग्रहातली 42 रात्रींची हदीस (2645) दिली जाते. इथे थांबून सरळ विचारावं: विज्ञान कळण्याआधी जो अर्थ निघत होता तो 120 दिवसांचा, विज्ञान कळल्यावर तो 40 चा झाला, तर माहिती ग्रंथातून आली की प्रयोगशाळेतून?

लोखंडाचंही तसंच. 57:25 मध्ये लोखंड 'उतरवलं' म्हटलंय, म्हणजे ते ताऱ्यांतून आलं हे 1400 वर्षांपूर्वी सांगितलं, असा दावा. पण तुतनखामुनच्या थडग्यातला खंजीर उल्केच्या लोखंडाचा आहे आणि तो कुरआनच्या सुमारे 1900 वर्षं आधीचा. आकाशातून लोखंड पडतं हे माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पुढे जोड दिली जाते की सूरा (अध्याय) 57 वी आणि लोखंडाचा एक समस्थानिकही वस्तुमानांक 57 चा! पण निसर्गात सापडणाऱ्या लोखंडापैकी जवळपास 92 टक्के समस्थानिक 56 चं असतं, 57 चं दोन टक्क्यांच्या आसपास. शंभरातले ब्याण्णव सोडून दोन का निवडले, याला '57 जुळतं म्हणून' याखेरीज उत्तर नाही. आकडे जुळवायच्या नादाचा शेवट कुठे होतो तेही माहीत असावं: कुरआनात 19 च्या पटीचा चमत्कार शोधणाऱ्या रशाद खलिफा यांना नवव्या सूरेतल्या शेवटच्या दोन आयती हिशेबात बसेनात, तर त्यांनी त्या आयतीच खऱ्या नाहीत असं ठरवलं. मुख्य प्रवाहातल्या उलेमांनी त्यांना झिडकारलं, ते योग्यच.

खुद्द दावत देणाऱ्यांमध्येही हे ओळखणारे आहेत. आयईआरएचे हमझा त्झोर्टझिस एकेकाळी गर्भशास्त्राचा हाच मुद्दा घेऊन 2011 मध्ये डब्लिनच्या नास्तिक परिषदेत पोचले होते. 2013 मध्ये त्यांनीच लिहिलं की वैज्ञानिक चमत्कारांची ही मांडणी टिकत नाही. इनबॉक्समध्ये पीडीएफ पाठवणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा हे ठाऊक नसतं. त्याला ते सांगावं, हिणवण्यासाठी नाही, त्याने स्वतः वाचावं म्हणून.

आणि हीच पट्टी आपल्या घरात लावायची तयारी नसेल तर या चर्चेत पडूच नये. जानेवारी 2015 मध्ये इंडियन सायन्स काँग्रेस आपल्या मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात भरली आणि तिथे प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या ग्रंथाच्या जोरावर तो वाचला, त्याची तपासणी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी 1974 मध्येच केली होती: ग्रंथ विसाव्या शतकातला, विमानं न उडणारी. आधी शोध लागतो, मग तो पोथीत सापडतो. ही खोड एका धर्माची नाही. जो नास्तिक पुष्पक विमानावर गप्प बसतो आणि सूरा 57 वर तुटून पडतो, त्याचं कोणी का ऐकावं?

नास्तिक बहुतेक वेळा हरतात ते युक्तिवादात नाही, घाईत. एका दमात दहा मुद्दे टाकतात: पैगंबरांची लग्नं, जिहाद, बुरखा, तलाक. समोरचा त्यातला सोपा उचलतो, उरलेले विरून जातात. वर तो विचारतो, "देव नाही तर चांगलं-वाईट कशाच्या आधारे ठरवता?" आणि गाडी भलतीकडे जाते. यावर थोडक्यात उत्तर द्यावं: दुःख कमी व्हावं, माणसांना समान वागणूक मिळावी, एवढ्या आधारावर आगरकरांपासून लोक बोलत आले आहेत. त्यावर चर्चा करूच, पण आधी हातातला दावा संपवू. एका वेळी एक दावा, एक आयत क्रमांक. आयत मिळाली की आधीच्या-नंतरच्या पाच-पाच आयती वाचाव्यात. कुरआन डॉट कॉमवर मराठी भाषांतर आहे. हदीस सांगितली तर संग्रह आणि क्रमांक मागावा, सुन्ना डॉट कॉमवर तपासावा. व्हिडिओ आला तर "यातला कोणता दावा, कितव्या मिनिटाला?" असं विचारावं, दोन तासांचं भाषण ऐकत बसू नये. व्हिडिओ कॉलचं बोलावणं आलं तर नम्रपणे नाही म्हणावं. लिखाणात तपासायला वेळ मिळतो, कॉलवर फक्त आवाज जिंकतो.

मुसलमानद्वेषी पानांवरून मजकूर उचलून टाकणं मला सगळ्यात वाईट वाटतं. अर्धे संदर्भ खोटे असतात, आणि खरे असले तरी हेतू माणसाला तुच्छ लेखण्याचा असतो. मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला आणि तोंडी तलाक, बहुपत्नीत्व याविरुद्ध मागणी केली. कडक टीका होती, पण ती त्या स्त्रियांच्या बाजूने होती. मराठीत लिहिणाऱ्या नास्तिकाला यापेक्षा चांगला कित्ता मिळणार नाही.

काळजीच्या तीन गोष्टी. मोबाइल नंबर, घरचा पत्ता देऊ नका, कुरआनची प्रत कुरियरने पाठवतो म्हटलं तरी. ती ऑनलाइन मोफत वाचता येते. आणि लिहिताना भारतीय न्याय संहितेचं 299 वं कलम लक्षात ठेवा: धार्मिक भावना जाणूनबुजून, दुष्ट हेतूने दुखावल्या असं सिद्ध झालं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दाव्यावर बोला, व्यक्तीवर आणि समाजावर शिव्या नकोत.

तिसरी त्याहून महत्त्वाची. कधीकधी दावत द्यायला आलेलाच मुलगा बोलता बोलता म्हणतो, "मलाही शंका आहेत." त्याचा स्क्रीनशॉट कुठेही, नाव झाकूनसुद्धा, टाकू नका. त्याला टॅग करू नका, 'आमच्याकडे आला' म्हणून मिरवू नका. मार्च 2017 मध्ये कोइम्बतूरला एच. फारूक या मुस्लिम घरातल्या नास्तिकाचा खून झाला, कारण त्यांचं समाजमाध्यमांवरचं लिखाण. पुण्यात ऑगस्ट 2013 मध्ये डॉ. दाभोलकरांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कुर्ल्यात किंवा मुंब्र्यात आईवडिलांसोबत एका खोलीत राहणाऱ्या पोराने घरी कधी आणि काय बोलायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या.

कोणाला मराठीत आलेल्या दाव्यांची यादी हवी असेल तर खाली कमेंटमध्ये भर घाला: फक्त दावा आणि आयत किंवा हदीस क्रमांक, पाठवणाऱ्याचं नाव काढून. समुद्राच्या लाटांचा (24:40), पाठीचा कणा आणि बरगड्यांचा (86:6-7) आणि '365 वेळा दिवस' हे तीन राहिलेत, ते पुढच्या पोस्टमध्ये घेतो.