नेट हाय, पण पत्ता नाय

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जगाला आधीपासून माहीत होतं, आमच्या घरात ते दिवाळीत कळलं. पुण्याहून भाचा आला आणि फराळाला बसल्या बसल्या म्हणाला, मामा, हा लॅपटॉप आता बेवारस झाला बघा. विंडोज ११ ला टीपीएम २.० म्हणून काहीतरी लागतं ते ह्याच्यात नाही, म्हणजे मशीन चांगलं धडधाकट आणि तरी रिटायर (मी स्वतः रिटायर आहे, जास्त काय बोलत नाही). मग त्यानं चकली खात खात त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. ह्या मिंटच्या प्रत्येक व्हर्जनला बाईचं नाव असतंय म्हणे, आमच्या वाट्याला आलेली झारा. "मामा, झारा चढवली!" असं तो ओरडला तर मंडळी आतून म्हणाल्या, "चढवू नको, आत्ताच घासून ठेवलाय."

भाच्याचा ऑफिसचा लॅपटॉप पुण्यात राहिलेला आणि मीटिंग ऐन पाडव्याला, मग त्यानं आमच्याच लॅपटॉपवर ऑफिसचं काहीतरी बसवलं आणि मीटिंगला बसला. मधेच लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलीय, वायर निघाली की हा पण जातोय, तसा तो गेला. उरलेली मीटिंग त्यानं मोबाईलवर उरकली आणि दुसऱ्या दिवशी गाडी धरून पुण्याला गेला. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

तो गेला आणि मला लाईट बिलाची प्रिंट काढायची आठवण झाली. फायरफॉक्स उघडला, पत्ता टाकला, टॅबवरचा तो ठिपका इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. बराच वेळ हे झाल्यावर पान आलं, आणि पहिलाच शब्द 'हं.' खरंच, इंग्रजीत लिहिलेलं असतंय, हं, ती साईट सापडायला आम्हाला जरा त्रास होतोय. आता मशीननं 'हं' म्हणावं ह्याचाच मला पहिला राग आला. दुसरी साईट टाकली, हं. पेपर उघडला, हं. कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह मात्र फुल्ल, एक दांडी कमी नाही.

केबलवाल्याला फोन लावला. आमच्याकडं नेट त्याचंच.

"काका, राऊटरवर लाल लाईट लागलीय काय बघा."

"न्हाई, हिरवी हाय."

"मोबाईलवर चालतंय न्हवं?"

"चालतंय की."

"मग आमच्याकडनं क्लियर हाय. लॅपटॉपवर विंडोज कुठली?"

"लिनक्स."

पलीकडं शांतता. मग एकदम मायेनं, "काका, विंडोजच टाका की सरळ. कशाला ताप."

तोवर शेजारचे बापू आले. बापूंचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, बंद पडलेली वस्तू दिसायची खोटी, माणूस बाह्या सरसावतोय. मिक्सर, मोपेड, देवघरातली लायटिंगची माळ, सगळं त्यांनी उघडलेलं आहे आणि बरंचसं परत बसवलेलंही आहे. त्यांनी राऊटर बंद केला, मनात आकडे मोजले, चालू केला. हं. लॅपटॉप बंद करून चालू केला. हं. मग राऊटरची वायर काढून फुंकर मारली, फायबरला फुंकर मारून काय होतंय मला माहीत नाही पण अडवायची हिंमत झाली नाही. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा जिन्यातनं जाता जाता "काका, कॅश क्लियर करा" म्हणून ओरडून गेला, हे वाक्य ती पोरं झोपेतसुद्धा म्हणत असणार. कॅश क्लियर केली, त्याबरोबर कुकीज (साईट आपल्याला ओळखते त्या चिठ्ठ्या) पण गेल्या, त्यामुळं जिथं आपोआप लॉगिन होत होतं तिथनं पण बाहेर पडलो, बाकी हं ते हंच.

मंडळी दारात उभं राहून म्हणाल्या, "मी सांगत होतो, त्या पोराला हात लावू देऊ नका."

आता लिनक्समधली गंमत अशी की नेट बिघडलं तर दुरुस्ती कशी करायची हे सगळं नेटवर असतंय. मोबाईल डाव्या हातात, चष्मा नाकावर आणि मोबाईलवरची कमांड एकेक अक्षर बघून त्या काळ्या टर्मिनलमध्ये टाईप करायची. ते अक्षर एल आहे का आकडा एक आहे हे भिंग घेऊन ठरवायचं. आणि अर्ध्या लोकांचा सल्ला काय, तर आधी अमुक एक पॅकेज इन्स्टॉल करून घ्या. अरे बाबा, नेट असतं तर इन्स्टॉल केलं असतं आणि इन्स्टॉल करता आलं असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?

एकानं मात्र सरळ सांगितलेलं की पहिल्यांदा ८.८.८.८ ला पिंग करून बघा, म्हणजे हाक मारायची आणि ओ येतेय का बघायचं. हा गुगलचा नंबर, २००९ पासून सगळ्यांसाठी उघडा आहे. केलं, तर धडाधड ओळी यायला लागल्या, चौसष्ट बाइट आले, परत आले, परत आले. विंडोजमधला पिंग चारदा विचारून गप बसतोय, हा लिनक्समधला कंट्रोल सी दाबल्याशिवाय थांबायचं नावच घेत नाही. बापू खूष, "आगाबाबा, हे तर पळाय लागलंय की! मग बिल कुठं अडकलंय?" मग तेच पिंग नंबरऐवजी नाव टाकून केलं. थोडा वेळ काहीच नाही. मग एकच ओळ, टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन. बापूंनी 'टेम्पररी' एवढंच वाचलं आणि म्हणाले, "मग हुईल की थोड्या वेळानं." बापूंचा एक मेव्हणा ऑफिसात टेम्पररी लागलेला, तो टेम्पररीच रिटायर झाला, हे मी त्यांना आठवण करून दिलं.

इथं मला हळूहळू उजेड पडायला लागला. मी ब्राऊझरमध्ये राऊटरचा नंबर टाकला, १९२.१६८.१.१, तर फटकन पान उघडलं! म्हणजे ब्राऊझर ठीक, वायफाय ठीक, केबलवाल्याचं पण खरंच क्लियर. नंबर टाकला की गाडी पोचतेय, नाव टाकलं की नाही.

हे बापूंना कसं सांगायचं, तर आपल्या कोल्हापूरचं घ्या. राजारामपुरी सोडली, तिथं गल्ल्यांना नंबर आहेत, तर बाकी गावात कोण नंबरानं घर शोधतंय? पेठेत यायचं असलं की आपण सांगतो, मिरजकर तिकटीला या आणि कुणालाही विचारा. तिथं पानपट्टीवर एक माणूस उभा असतोय, त्याला नाव सांगितलं की तो घर सांगतोय. कॉम्प्युटरमध्ये त्या माणसाला डीएनएस म्हणतात. साईटचं नाव आपण टाकायचं, तो नंबर सांगणार, मग पुढचं सगळं नंबरावर. आमच्या लॅपटॉपला झालं होतं काय, तर रस्ता होता, गाडी होती, पेट्रोल होतं, तिकटीवरचा माणूस तेवढा गायब.

बापूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग सगळे नंबर एका वहीत लिवून ठेव की. कुणाला विचारायची गरजच न्हाई."

हसू नका, जगानं आधी अगदी हेच केलं होतं. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर सगळ्या मशीनची नावं आणि नंबर एका फाईलमध्ये असायचे, होस्ट्स डॉट टीएक्सटी, आणि ती वही कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंची टीम सांभाळायची. नवीन मशीन लावलं की त्यांना कळवायचं, त्या नोंद करणार, मग बाकीच्यांनी वही उतरवून घ्यायची. मशीन वाढली तशी वही पुरेना, आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस ह्यानं डीएनएस काढलं. पण वहीची सवय गेली नाही, लिनक्समध्ये आजही ईटीसी फोल्डरात होस्ट्स नावाची फाईल असतेच. बापूंना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की कॅलिफोर्नियातनं आता सल्ल्याचे पैसे येणार.

तर माणूस गायब का झाला हा प्रश्न राहिला. मोबाईलवर आणखी एक कमांड मिळाली, रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी, पुढं साईटचं नाव. टाकली, आणि काय सांगू, नंबर आला! त्याच साईटचा, त्याच लॅपटॉपवर! परत ब्राऊझरमध्ये गेलो, हं. म्हणजे घरातल्या एकाला पत्ता माहीत आहे आणि तो दुसऱ्याला सांगत नाही. इथं माझं डोकं जे गरम झालं ते चहानं पण गार होईना. बापूंनी तर निकालच लावला की ब्राऊझर आणि लिनक्समध्ये भाऊबंदकी आहे, वाटणी करून टाक.

एक गोष्ट मात्र कबूल करायला पाहिजे. सकाळपासून केबलवाल्यानं, बापूंनी, जिन्यातल्या पोरानं, सगळ्यांनी उत्तर दिलं, छाती ठोकून दिलं. आपल्याकडं पत्ता विचारला तर 'माहीत नाही' म्हणायची पद्धतच नाही, माहीत नसलं तरी माणूस हात वर करून 'हे काय, सरळ जावा' म्हणतोय, नाहीतर पाव्हण्याला वाईट वाटतंय. अख्ख्या सकाळीत 'सापडंना बाबा' असं खरं बोललेला एकटा फायरफॉक्स, आणि आम्ही सगळे शिव्या त्यालाच देत होतो.

शेवटी रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस टाकलं. लांबलचक यादी आली, त्यात वरच एक ओळ, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ मोड, आणि पुढं शब्द, फॉरेन. बापू एकदम ताठ बसले. "फॉरेनचा व्हायरस हाय ह्यो."

फॉरेनचं काही नव्हतं. हे मिंट नाव विचारायला जातंय ते ईटीसीमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नावाची फाईल बघून. खरं तर ती फाईल नसतेच, नुसती लिंक असते, सिस्टिमडी-रिझॉल्व्हड नावाचा एक नोकर आहे त्याच्या फाईलकडं बोट दाखवणारी, आणि आत पत्ता असतो १२७.०.०.५३, म्हणजे लॅपटॉपनं स्वतःच्याच घरातल्या माणसाला विचारायचं. मोड फॉरेन म्हणजे ही लिंक कुणीतरी काढून तिथं भलतीच फाईल ठेवलीय. नोकर बिचारा आत बसलेला, त्याला पत्ते माहीत, रिझॉल्व्हसीटीएल थेट त्यालाच विचारतंय म्हणून उत्तर येतंय, पण ब्राऊझर दारावरची पाटी वाचून तिसरीकडंच चाललाय.

कॅट कमांडनं ती पाटी उघडली. दोनच ओळी. एकात दहापासून सुरू होणारा कुठला तरी नंबर. दुसरीत भाच्याच्या कंपनीचं नाव.

लावला फोन.

"मामा, सॉरी सॉरी, ते माझं व्हीपीएन असणार, मीटिंगला ऑफिसच्या नेटवर्कला जोडायला बसवलेलं. जोडलं की ते फाईल बदलतंय, बंद करताना जुनी परत ठेवतंय."

"बंद कुठं केलंस? लाईट गेलेली."

"...हां."

म्हणजे आमचा लॅपटॉप पाडव्यापासून कोल्हापुरात बसून प्रत्येक साईटचा पत्ता भाच्याच्या ऑफिसातल्या सर्व्हरला विचारत होता, आणि व्हीपीएनचा बोगदा बंद असल्यामुळं तिथवर आवाजच पोचत नव्हता. पद्धत अशी की एकदा विचारायचं, पाच सेकंद वाट बघायची, आणखी एकदा विचारायचं, परत पाच सेकंद, मग हं. एवढा सभ्यपणा आमच्या घरात दुसऱ्या कुणाकडं नाही.

औषध एका ओळीचं. भाचा फोनवर सांगत गेला, मी टाईप करत गेलो, सुडो, एलएन, डॅश एसएफ (एल म्हणजे लाडूतला एल, मामा, एक नव्हे), आणि ती लिंक परत जागेवर. मग नोकराला एक रिस्टार्ट. लगेच फाईल उघडून बघितली तर १२७.०.०.५३ जाग्यावर, आणि वर इंग्रजीत स्पष्ट सूचना, ही फाईल एडिट करू नका. जिथं ह्या सूचनेची सगळ्यात जास्त गरज होती त्या फाईलीसकट ती पण व्हीपीएननं उडवलेली, ह्याला काय म्हणायचं.

पान उघडलं. ठिपका एकदाच हलला आणि बिल समोर. बापू म्हणाले, "फुंकरीनं जरा मोकळं झालं असणार आधीच," आणि बिलाचा आकडा बघून गप झाले. मंडळींनी भाच्याशी बोलायला फोन मागून घेतला आणि दार लावून घेतलं.

बापूंनी मग कट्ट्यावर बसून ही हकिगत कुणाकुणाला कशी सांगितली ते देवाला ठाऊक, पण संध्याकाळी तालमीतली दोन पोरं दारात हजर. "काका, तालमीच्या टीव्हीवर यूट्यूब लागंना झालंय, मॅच सातला हाय, बापू म्हणले तुम्ही फॉरेनचा व्हायरस काढता."

मी पायात चपला सरकवल्या, चष्मा खिशात टाकला आणि विचारलं, "राऊटरवर लाल लाईट लागलीय काय रे?"