१४२ ओळींची एक्सेल आणि अर्धी रिकामी गाडी

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. बावीस माणसं, चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), दोन जुने लेथ. गिअरबॉक्सच्या पिना आणि छोटे शाफ्ट बनवतो, ते पुण्याकडच्या एका कंपनीत जातात, ती असेंब्ली करून पुढे कारवाल्यांना देते. म्हणजे साखळीत आम्ही पार खालचे, गाडी रस्त्यावर आली की आम्हाला कोणी ओळखतही नाही.

तर मागच्या महिन्यात त्या कस्टमरचा मेल आला. सब्जेक्टमध्ये 'अर्जंट', आत एक्सेल, १४२ ओळी. वीज किती, डिझेल किती, पाणी किती, एका पिनेमागे कार्बन किती. ८७ नंबरला पॅकेजिंग. १०३ नंबरला जैवविविधता धोरण आहे का. आता बाप्पा, शेडच्या मागे एक कडुनिंब आहे आणि त्याखाली एक मुंगूस राहते, एवढीच आमची जैवविविधता, लिहू का ते?

हे फॉर्म का येऊन राहिले ते मला कळते. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरणाचा रिपोर्ट सक्तीचा केला, युरोपने १ ऑक्टोबर २०२३ पासून बाहेरून येणाऱ्या स्टील, ॲल्युमिनियमच्या कार्बनचा हिशोब मागायला सुरुवात केली. आणि मुद्दाही खोटा नाही. पेट्रोलच्या गाडीचा बहुतेक धूर ती चालवताना निघतो, पण गाडी बॅटरीवर गेली की सायलेन्सरच राहत नाही, मग चार्जिंगच्या विजेचा सोडला तर उरतो तो स्टील, ॲल्युमिनियम, बॅटरी बनवतानाचा धूर. आणि हा बनवतानाचा धूर कारवाल्याच्या चकाचक प्लांटमध्ये कमी, आमच्यासारख्यांकडे आणि आमच्याही मागे भट्टीत, खाणीत जास्त. त्यामुळे विचारा, जरूर विचारा. माझं भांडण पुढचं आहे.

फॉर्म भरायचा म्हणून मी रविवारी बसून हिशोब केला. आमची वीज महिन्याला ९००० युनिटच्या आसपास. आपल्या देशातल्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, झाले सहा टनांच्या वर. कोराडीच्या कोळशाच्या वीज केंद्राची चिमणी इथून लांब नाही, त्यामुळे हा आकडा मला कागदावरचा वाटत नाही. छतावर ४० किलोवॅट सोलर लावलं तर यातले साडेतीन टनाच्या आतबाहेर वाचतील, कोटेशन वीस लाखांचं. कस्टमरला म्हटलं रेटमध्ये पिनेमागे काही पैसे वाढवून द्या, तीन वर्षांचा करार द्या, मी बँकेत जातो. उत्तर आलं की यावर्षीचं तीन टक्के कॉस्ट डाऊन (म्हणजे रेट कमी करणं) अजून तुमच्याकडून पेंडिंग आहे.

बरं ते जाऊ द्या, पैशाचा विषय आहे. आता मालाच्या गाडीचं बघा. आधी आठवड्याला एक गाडी जायची, भरून. मग त्यांनी स्टोअरमध्ये माल ठेवायचा नाही असं ठरवलं, तेव्हापासून आठवड्याला दोन जातात, दोन्ही अर्ध्या रिकाम्या. समृद्धीने संभाजीनगर, तिथून नगर रोड, जाऊन येऊन चौदाशे किलोमीटरच्या वर. साडेसहाचं ॲव्हरेज धरा, २२० लिटर डिझेल, लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका खेपेला जवळपास सहाशे किलो. (परतीचा माल मिळाला तर आमच्या वाट्याचं कमी होते, पण दरवेळी मिळतेच असं नाही.) महिन्याला चार खेपा जास्तीच्या, सव्वादोन टनांच्या वर. म्हणजे वीस लाखांच्या सोलरच्या दोन तृतीयांश काम एक मेल पाठवून होते, की बाबा आठवड्याला एकदाच पाठवा, आठ दिवसांचा माल आम्ही रॅकवर ठेवतो. पण १४२ ओळींत 'आमच्यामुळे तुमचं डिझेल किती वाढलं' ही ओळ नाही. प्रश्न सगळे वरून खाली येतात, खालून वर जायला रकानाच नाही.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो बुऱ्यावरून, म्हणजे मशीनवर कापताना निघणाऱ्या स्टीलच्या किसावरून. आम्ही २० एमएनसीआर ५ वापरतो, मँगनीज आणि क्रोमियमवालं महाग स्टील. रामटेकला जाताना मनसर लागते ना, तिथे मँगनीजच्याच खाणी आहेत, जमिनीतून ते काढायला काय लागते हे नागपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १०० किलो बार (स्टीलचा रॉड) मशीनवर चढवला की ३५-४० किलो बुरा होऊन खाली पडते. तो वेगळा ठेवला तर तसंच स्टील पुन्हा बनवायला कामी येईल. पण होते काय, ईएन ८ या साध्या स्टीलच्या बुऱ्यात मिसळून, कूलंटने (कापताना थंड ठेवायच्या पाण्याने) ओला, कबाडीवाला घेऊन जाते, पुढे फिरत फिरत जालन्याकडच्या भट्टीत जाऊन त्याची सळई होते. क्रोमियम कोणाच्या तरी स्लॅबमध्ये गाडलं जाते.

मी आमच्या लेथवरच्या काकांना म्हटलं दोन ढीग करा. ते करतात बिचारे, लाल ड्रम, निळा ड्रम. परवा मलाच म्हणाले, "भाऊ, मी वेगवेगळं ठेवतो, पर तो येते अन् दोन्ही एकाच गाडीत उलटवते. भावबी एकच देते. मंग मी कायले मेहनत करू?" काय सांगणार?

याच फॉर्ममध्ये 'रिसायकल्ड स्टील किती टक्के वापरता' असा प्रश्न आहे आणि बार कोणत्या मिलचा घ्यायचा ते कस्टमरच ठरवते. आमच्यासारखे कितीतरी व्हेंडर त्याच्याकडे असतील, सगळ्यांचा बुरा ग्रेडप्रमाणे गोळा करून त्याच मिलला परत दिला तर मिल नाही म्हणेल का? पण ते फक्त त्यालाच जमण्यासारखं आहे, मला बावीस माणसांत नाही.

खोक्यांचंही तसंच. पुठ्ठ्याऐवजी घडी होणारे प्लास्टिक क्रेट घेऊ, रिकामे त्याच गाडीने परत पाठवा, असं मी चार महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. परतीचं भाडं कोणाचं यावर अकरा मेल झाले. शेवटचा मेल कालच आला. लिहिलंय, कल्पना छान आहे, सध्या ८७ नंबरला टाकून द्या.

टाकली. लाल ड्रम मात्र अजून वेगळा ठेवलाय, काकांना म्हटलं दिवाळीपर्यंत थांबा. बुटीबोरीकडे किंवा रायपूर साईडला ग्रेडप्रमाणे बुरा घेणारं कोणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा राजेहो, महिन्याला दीड-दोन टन निघतो.