सुंतेवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेचं उत्तर (लांबलंय, माफ करा)

'स्पष्टवक्ता' साहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, म्हणून तर उत्तराला चार दिवस लागले. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: मी जर्मनीतल्या २०१२ च्या सुंता प्रकरणावर लिहिलं होतं, आणि म्हटलं होतं की कोर्टाचा युक्तिवाद पटण्यासारखा असला तरी तिथल्या संसदेने बंदी न घालता अटी घातल्या हे शहाणपणाचं झालं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "डंभा, पोतराज, देवदासी सगळ्यावर तुटून पडणाऱ्या बाई, ज्यू-मुसलमानांचा विषय आला की एकदम समजूतदार कशा काय होतात? आठ दिवसांच्या बाळाला कुणी विचारलं? मुलीचं कापलं तर गुन्हा आणि मुलाचं कापलं तर धर्मस्वातंत्र्य?"

आधी ते जर्मनीतल्या कोलोन शहरातलं प्रकरण पुन्हा सांगते, कारण "कोर्टाने गुन्हा म्हटलं तिथेच विषय संपला" असं तुम्ही लिहिलंय आणि तसं झालेलं नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये एका डॉक्टरने चार वर्षांच्या मुसलमान मुलाची सुंता केली, आईवडलांच्या इच्छेने, जागा बधिर करून, सगळं रीतसर. दोन दिवसांनी रक्त थांबेना म्हणून आई त्याला घेऊन हॉस्पिटलात धावली आणि तिथून प्रकरण सरकारी वकिलापर्यंत गेलं. डॉक्टरच्या हातून काही चुकलं नव्हतं हे कोर्टाने मान्य केलं. तरीही ७ मे २०१२ ला तिथल्या जिल्हा कोर्टाने म्हटलं की ही शारीरिक इजाच आहे, मुलाच्या शरीरात कायमचा बदल होतो, आणि मोठा झाल्यावर त्याचं तो ठरवेल तोवर आईबापांनी थांबावं, त्यात त्यांच्या धर्माचं काही बिघडत नाही. आणि एवढं सगळं म्हणून डॉक्टरला सोडून दिलं! का, तर हे बेकायदा आहे हे त्याला कळायला मार्गच नव्हता. म्हणजे गुन्हा आहे पण गुन्हेगार कुणी नाही. पुढे अपील झालं नाही, त्यामुळे वरच्या कोर्टाचं मत काय असतं ते कधी कळलंच नाही.

जूनच्या शेवटी हे पेपरात आलं आणि जो गोंधळ उडाला तो उडालाच. बर्लिनच्या ज्यू हॉस्पिटलने सुंता करणं थांबवलं, कारण उद्या कोण कुणावर केस टाकेल याचा भरवसा नाही. एरवी एकमेकांशी फारसं न जमणारे रब्बी आणि इमाम एका बाजूला आले. ऑगस्टमध्ये तिथल्या नीतिशास्त्र परिषदेने (सरकारला सल्ला देणारी मंडळी) सांगितलं की परवानगी द्या पण आईवडील दोघांना पूर्ण माहिती द्या, दोघांची संमती घ्या, वेदना कमी करायची नीट सोय करा, आणि मुलगा कळत्या वयाचा असेल आणि नको म्हणत असेल तर त्याचं ऐका. आणि १२ डिसेंबरला संसदेने कायदा केला, बाजूने ४३४, विरोधात १००, तटस्थ ४६. वैद्यकशास्त्राच्या नियमांनुसार करायचं, मुलाच्या हिताला धोका असेल तर नाही, पहिल्या सहा महिन्यांत धर्मसंस्थेने नेमलेला प्रशिक्षित माणूस करू शकतो, नंतर डॉक्टरच. मुलगा १४ वर्षांचा होऊन स्वतः हो म्हणेपर्यंत थांबा, असाही एक पर्यायी मसुदा काही खासदारांनी आणला होता. तो पडला. तुमचं मत त्या मसुद्याच्या बाजूचं दिसतंय, आणि ते मत काही वेडगळ नाही, हे मी आधीच मान्य करून टाकते.

आता संमती. इथे मला माझ्याच घरापासून सुरुवात करायला लागेल.

माझ्या मुलीचे कान बाराव्या दिवशी टोचले. सोनार घरी आला, सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, डोकं घट्ट धरलं, त्याने कुंकवाच्या दोन ठिपक्यांनी जागा ठरवली आणि सोन्याची तार आरपार घालून पिळली. पोरगी अशी किंचाळली की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. डाव्या कानाला पू झाला, तिला महिनाभर त्या कुशीवर झोपवता येत नव्हतं. आणि स्पष्टवक्ता साहेब, मी शिकलेली, नोकरी करणारी बाई, पण "हिला विचारलं का" हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही, चौदा वर्षांनी तुमची प्रतिक्रिया वाचताना पहिल्यांदा आला. तुम्ही म्हणाल कानाचं भोक बुजतं, कापलेली कातडी परत येत नाही. बरोबर, फरक आहे, आणि मोठा आहे. मी दोन्ही सारखंच म्हणत नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की बाळाच्या शरीरावर आईबाप सह्या करतच असतात आणि सगळेच समाज कुठेतरी एक रेघ मारून "याच्या अलीकडचं चालेल" म्हणतात. आपल्या महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा बघा, दाभोलकरांचा खून झाल्यावर अखेर पास झालेला. तो कशाला लागू नाही याची यादी त्यातच दिलीय, आणि धार्मिक विधी म्हणून लहान मुलांचे कान-नाक टोचणं त्या यादीत चक्क नाव घेऊन टाकलंय, शेजारी जैनांचं केशलोच (हाताने केस उपटणं). कायदा करणाऱ्यांना ती रेघ मारावी लागली कारण नाहीतर तो कायदा कधी पासच झाला नसता.

मग माझी रेघ कुठे? तुम्ही डंभ्याचं उदाहरण दिलंत. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळीचे चटके देतात, त्याच्या विरोधात मी लिहिलंय आणि पुन्हा लिहीन, कारण तिथे आजारी पोर डॉक्टरकडे जायच्याऐवजी भाजलं जातं आणि त्यात जीव जातो. ती प्रथा आदिवासींची आहे म्हणून नाही. हाच निकष सुंतेला लावला तर काय दिसतं? नीट केली तर धोका कमी आहे, अडाणी हाताने, गंजक्या वस्तऱ्याने केली तर भयंकर. म्हणून माझा सगळा जोर अटींवर आहे.

मुलींचा मुद्दा तुमचा सगळ्यात धारदार होता आणि माझ्या मूळ लेखात त्यावर मी एका ओळीत "दोन्हीची तुलनाच होत नाही" म्हणून पळून गेले होते. ती पळवाट होती. मुलींच्या बाबतीत जे सगळ्यात भयानक प्रकार चालतात, सगळं कापून शिवून टाकणं वगैरे, त्यांची तुलना खरंच होत नाही. पण दाऊदी बोहरा समाजात ज्याला खफ्ज म्हणतात तिथे समर्थक सांगतात की आम्ही फक्त वरची कातडी किंचित काढतो, आणि ते खरं धरलं (सगळ्या बाया खरं धरत नाहीत, त्यांचे अनुभव फार वेगळे आहेत) तर निव्वळ कापण्याच्या मापाने ते मुलाच्या सुंतेपेक्षा जास्त ठरत नाही. मग फरक हेतूचा म्हणावा, की मुलीचं कापतात ते तिची वासना दाबायला? तर मायमोनिडीज नावाचा १२ व्या शतकातला केवढा मोठा ज्यू पंडित, स्वतः वैद्य, त्याने लिहून ठेवलंय की पुरुषाची सुंताही वासना कमी करण्यासाठीच आहे. आणि अमेरिकेत ही पद्धत ख्रिश्चनांच्या घरात शिरली त्यात मुलांची हस्तमैथुनाची सवय मोडायची हे एक मोठं कारण होतं, कॉर्नफ्लेक्सवाला केलॉग त्यासाठी भूल न देता करा म्हणायचा! म्हणजे हेतूचं बोटही धरून ठेवता येत नाही. जर्मनीने २०१३ मध्ये मुलींचं कापणं हा वेगळा गुन्हा केला, मुलांना २०१२ मध्ये परवानगी दिली, एका वर्षाच्या अंतराने. विसंगती आहे. मी अजूनही मुलींच्या बाबतीत पूर्ण बंदीच्या बाजूची आहे, कारण तिथे आरोग्याचा फायदा शून्य आणि प्रथा गुपचूप, पोरीला खाऊचं आमिष दाखवून, आणि विरोध करणाऱ्या बायका त्याच समाजातून पुढे आल्यात. आपल्या सुप्रीम कोर्टाने ते प्रकरण २०१८ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे पाठवलं. पण "तुलनाच होत नाही" हे वाक्य मी मागे घेते.

सुंतेने एड्सचा धोका कमी होतो हा माझा मुद्दा तुम्ही खोडला तो मला आवडला. दक्षिण आफ्रिका, केनिया, युगांडा इथल्या चाचण्यांत पुरुषांना बायकांकडून होणारा संसर्ग साधारण ६० टक्क्यांनी कमी दिसला, हे खरंय. पण ते सगळे वयात आलेले पुरुष होते आणि हो म्हणून आले होते. तान्ह्या बाळाला त्याची घाई काय? पटलं. तो आधार मी सोडला.

मग उरतं काय? उरतं ते मी पाहिलेलं.

मी सातवीत होते, ठाण्यात राहायचो. शेजारचं कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे आपले मराठी ज्यू, शनिवार तेली, अलिबागकडचे, घरात मराठीच, आडनाव गावावरून 'कर' लागलेलं. शतकानुशतकं कोकणात राहून हिब्रू विसरले, तेलाचे घाणे घातले, नऊवारी नेसले, पण शनिवारी घाणा बंद ठेवला आणि आठव्या दिवशी सुंता चुकवली नाही. बाहेरच्या ज्यूंनी त्यांना ओळखलं ते या असल्या दोन-चार खुणांवरून. त्यांच्या नातवाच्या सुंतेला आई मला घेऊन गेली. सिनेगॉगमध्ये दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक रिकामी, ती एलियाहू नबीची. दुसऱ्या खुर्चीवर आजोबा, मांडीवर उशी, उशीवर बाळ. काळ्या मनुकांचं सरबत केलेलं होतं, त्यात कापसाचा बोळा भिजवून बाळाच्या ओठाला लावला. मग मोहेल (सुंता करणारा) वाकला आणि सगळ्यांच्या पाठी मध्ये आल्या, मला काही दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. वर गॅलरीत बायकांत बाळाची आई उभी होती, तिने कठड्याला डोकं टेकलं होतं आणि माझ्या शेजारच्या आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "झालं गं, झालं, झालं." त्या आईच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. पण तिला कुणी सांगितलं असतं की तू गुन्हेगार आहेस, सहा वर्षं आत जाशील (आइसलँडमध्ये २०१८ ला विधेयक आलं होतं त्यात जास्तीत जास्त तेवढी शिक्षा होती, ते बारगळलं), तर ती थांबली असती असं मला वाटत नाही. ती मोहेलला मागच्या दाराने घरी बोलावणार. आणि घरी काही बिनसलं तर हॉस्पिटलात न्यायला घाबरणार. कोलोनची ती आई बिनदिक्कत हॉस्पिटलात गेली, म्हणून पोराचं रक्त थांबलं, हे विसरू नका.

हे लोक बाळाच्या जिवाबद्दल बेफिकीर आहेत असंही नाही. बाळ आजारी असेल तर आठवा दिवस पुढे ढकलायचा हा त्यांचा नियमच आहे, आणि तालमूद या त्यांच्या धर्मग्रंथात तर असं आहे की दोन भाऊ सुंतेने गेले असतील तर तिसऱ्याची करायची नाही. रक्त न गोठण्याचा आजार घराण्यात चालतो हे त्या लोकांनी दीड हजार वर्षांपूर्वी हेरलं होतं! मुसलमानांत कुराणात सुंतेचा थेट उल्लेख नाही, हनफी पंथात ती सुन्नत (करावी अशी प्रथा), आपल्या कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथात वाजिब (करायलाच हवी), वयही ठरलेलं नाही, कुणी तान्हेपणी करतं, तुर्कांत सहा-सात वर्षांच्या पोराला पांढरा पोशाख आणि तुऱ्याची टोपी घालून मिरवतात. म्हणजे धर्मातच थोडी जागा आहे, वय पुढेमागे करायला, भूल द्यायला, डॉक्टरकडे न्यायला. त्या जागेत शिरून बोललं तर ऐकतील. आपल्याकडे म्हण आहेच, कान सोनारानेच टोचावेत. ज्यू कुटुंबांतही आता काही जण न कापता नुसतं नाव ठेवण्याचा विधी करतात, ते त्यांचं त्यांनी सुरू केलं.

यावर तुम्ही म्हणाल सोनाराची वाट बघत बसलो असतो तर तिहेरी तलाक अजून चालू असता. बरोबर पकडलंत. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला आणि कोर्टाचा निकाल यायला २०१७ उजाडलं. पण तिथे रस्त्यावर आलेल्या त्या बायका होत्या, घरातून हाकललेल्या. केरळात २०२३ मध्ये लहान मुलांच्या सुंतेविरुद्ध याचिका आली आणि हायकोर्टाने ती फेटाळली. सुंता झालेली मोठी माणसं स्वतः पुढे येऊन "माझ्यावर अन्याय झाला" म्हणायला लागली (पाश्चात्त्य देशांत काही जण म्हणतायत) तर माझं मत बदलेल. खरंच बदलेल.

आणि एक गोष्ट तुमच्याबद्दल नाही, पण तुमच्या खाली ज्यांनी लाइक मारून घाणेरडे विनोद केलेत त्यांच्याबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०११ ला बंदीसाठी मतदान घ्यायचं घाटत होतं, त्या मोहिमेतल्या एकाने कॉमिक काढलं, त्यात सोनेरी केसांचा हिरो आणि मोहेल मात्र नाझी व्यंगचित्रांतल्या ज्यूसारखा, दात विचकणारा. बाळाच्या हक्काचं नाव आणि आत हे. आपल्याकडेही शाळेत मुसलमान मुलांना यावरूनच जो शब्द वापरायचे तो तुम्हाला माहितीये, मी लिहीत नाही. आणि दंगलीत माणसाची चड्डी उतरवून काय बघतात तेही माहितीये. ज्या समाजाच्या शरीराकडे असं बघितलं गेलंय त्याला आपण बहुसंख्याकांनी "तुझ्या पोराच्या भल्यासाठीच सांगतोय" म्हणावं आणि त्याने विश्वास ठेवावा, हे जरा जास्तच नाही का? ते विनोद मी उडवलेत. तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवलीय.

मूळ लेखात दोन दुरुस्त्या केल्यात. सुंतेला मी "किरकोळ कट" म्हटलं होतं, तो "किरकोळ" काढलाय, कारण गॅलरीतल्या त्या बाईला तो किरकोळ नव्हता आणि बाळाला तर नव्हताच. आणि जर्मन कायद्याची तारीख १९ जुलै लिहिली होती ती चूक, त्या दिवशी नुसता ठराव झाला होता.