लेक आठवीत, आणि आम्ही ‘एपी की आयबी’त

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वर वाण लुटत होत्या आणि आम्ही बापलोक खाली बेसमेंटमध्ये. विषय एकच. “लेक आठवीत ना? मग ट्रान्सफर घेऊन टाक, तुमची शाळा आयबीवाली आहे.” शाळेला जसा काही रोगच लागलाय.

इथे व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत, घराच्या पत्त्यावर सरकारी शाळा ठरते. हायस्कूल नववीपासून. काही हायस्कुलांत एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट), काहींत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट); दोन्ही शाळेतच कॉलेजच्या पातळीचा अभ्यास करायचे प्रोग्राम. आपल्या शाळेत नसलेल्या प्रोग्रामसाठी दुसरीकडे अर्ज करता येतो, पण बस मिळत नाही. म्हणजे रोज सकाळी आठच्या आत पोरीला पोचवायचं, ते आपण.

एपीत विषय सुटे. दोन घ्या, नऊ घ्या; मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ गुण. आयबी डिप्लोमा अकरावी-बारावीत सहा विषयांचा संच. त्यातले किमान तीन हायर लेव्हलचे, म्हणजे जास्त खोलात शिकायचे. विषय वेगवेगळ्या गटांतून घ्यायचे, म्हणून गणितवेड्यालाही भाषा आणि इतिहासासारखा एखादा विषय सुटत नाही. प्रत्येकी ७ गुण, वर ४००० शब्दांचा निबंध आणि ‘थिअरी ऑफ नॉलेज’ (आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून, याचा विषय) यांचे मिळून जास्तीत जास्त ३, एकूण ४५.

एपीची बाजू खोटी नाही. पोरगं फिजिक्ससाठी वेडं असेल तर एपीत त्याला मोकळं रान आहे. शिवाय अनेक कॉलेजं आयबीच्या फक्त हायर लेव्हलला क्रेडिट देतात, म्हणजे कॉलेजातला तेवढा अभ्यास झालाय असं धरतात, आणि इथल्या फीमध्ये क्रेडिट म्हणजे रोकड.

पण “आयबी म्हणजे नुसते निबंध” हे ऐकून मला हसू येतं. आम्ही बारावीला गणित की बायॉलॉजी एवढंच ठरवणारे, ए ग्रुप-बी ग्रुपवाले. मी इंजिनिअर झालो तरी स्वतःला पडलेल्या प्रश्नावर सलग दहा पानं कधी लिहिली नव्हती. प्रोजेक्ट रिपोर्टसुद्धा सीनियरचा उतरवलेला. (बाबांना अजून माहीत नाही.) आणि पूर्ण डिप्लोमा सक्तीचा नाही, झेपतील तेवढेच आयबी विषय घेता येतात, हे बेसमेंटमध्ये एकालाही ठाऊक नव्हतं.

खरं सांगू का? पुष्कळदा आपल्याला प्रोग्रामशी देणंघेणं नसतंच. रेटिंगच्या साइटवरचा दहापैकी आकडा आणि फ्री लंच (कमी कमाईच्या घरांतल्या मुलांना शाळेत मिळणारं फुकट जेवण) घेणाऱ्या मुलांची टक्केवारी आपण आधीच बघून ठेवलेली असते. तो रेटिंगचा आकडा बराचसा आईबापांच्या पगाराचा असतो. “एपी हवंय” हे त्याचं चारचौघांत सांगण्याजोगं रूप. मीही तो आकडा बघितला होता, दोनदा.

मग शाळेच्या माहितीसत्राला गेलो. मी क्रेडिटचं विचारायला हात वर करणार, तेवढ्यात लेकीनंच विचारलं, “केमिस्ट्री आणि आर्ट, दोन्ही हायर लेव्हलला घेता येईल?” काउन्सेलर म्हणाल्या, येईल, पण दोन्हीकडे काम खूप, आधी नववी-दहावी नीट कर. पोरगी घरी येईपर्यंत त्यावरच बोलत होती. चालतच आलो, बारा मिनिटं लागली.

ट्रान्सफरचा फॉर्म भरलेला नाही. बेसमेंटमधल्या मंडळींना अजून बोललो नव्हतो, आता इथे वाचतीलच.