मार्च आला की मैदानावर ब्लॉक

दरवर्षी तेच! वर्षभर आमच्या गल्लीमागच्या मैदानाकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि ३१ मार्चच्या आत निधी संपवायचा म्हणून फेब्रुवारीत पेव्हर ब्लॉक येऊन पडतात. अहो, पोरांना खेळायला माती लागते! सोलापूरचं ऊन ४० अंशांच्या पुढं जातं, त्या ब्लॉकवर पाय भाजतात. रोपंही नेमकी तेव्हाच लावतात. घरच्या नळालाच पाणी काही दिवसांआड, तिथं झाडांना कोण घालणार? मेपर्यंत नुसत्या काड्या. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं बागा-क्रीडांगणं शहराच्या कामांच्या यादीत घातली, मग देखभालीचे पैसे वेगळे का ठेवत नाहीत? सावली, नळ, संध्याकाळी दिवा, बास. आराखड्याआधी एकदा तरी तिथं कबड्डी खेळणाऱ्या पोरींना विचारा ना!